गल्लीचं नाक

लग्नाच्या हॉलच्या दारात पूर्वी एक माणूस उभा असायचा. तो मुलाकडचा की मुलीकडचा, हे कुणालाच नक्की माहीत नसायचं. डाव्या हातात चांदीची म्हणून मिरवणारी जर्मन सिल्व्हरची अत्तरदाणी, उजव्या हातात काडी. आपण हात पुढे केला की तोच तो पालथा करून घ्यायचा, मनगटाच्या वर काडी टेकवायचा आणि आपल्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. आपण हात नाकाशी नेला की त्याचं समाधान. नाही नेला, तर भर पंगतीत येऊन विचारणार, "लागलं का अत्तर?" त्याच्या शेजारी गुलाबदाणी घेतलेला एक शाळकरी पोरगा असायचा. त्याचा नेम नेहमी पाहुण्यांच्या डोळ्यांवर.

आता त्या जागी फुग्यांची कमान आणि सेल्फी पॉइंट असतो. पोरगा शिकून बाहेरगावी गेला. तो माणूस मात्र कुठंही गेलेला नाही. सांगली-साताऱ्याकडच्या गल्ल्यांत तो अजून सापडतो. हॉलच्या दारातून उठून तो सगळ्या गावाच्या हवेचा कारभार बघायला लागलाय, एवढाच फरक. देवळाचा मंडप, वाचनालय, गणपतीचा मांडव, एसटी स्टँड, चार माणसं जिथं जमतात तिथं कसला वास असावा, हे आपण ठरवायचं असतं अशी त्याची पक्की समजूत असते. पगार नाही, पद नाही, कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या सांगलीतल्या गल्लीत त्यांना अत्तरकाका म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथंच राहू दे. पाटबंधारे खात्यात कारकून होते. म्हणजे पगार पाण्याचा घेतला आणि आयुष्यभर काम केलं हवेचं. अंगात सदरा, उजव्या कानाच्या वरच्या खाचेत कापसाचा फाया, आणि खांद्याला शबनम. शबनममध्ये एक जुना लोकरी पायमोजा, पायमोज्यात कुप्या. उन्हाळ्यात खस, पहिल्या वळवापासून मिट्टी, दिवाळीनंतर हिना. त्यांच्या कानाजवळून गेलं की कोणता महिना चालू आहे ते कळतं. चुकून मे महिन्यात कुणी हिना लावून आलं, तर भर उन्हात स्वेटर घातलेल्या माणसाकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघतात.

काकांसमोर "वास येतोय" असं मोघम बोलायची सोय नाही. "कुठला? नाव सांगा." आपण म्हणतो, "कसला तरी गोडसर…" काका म्हणतात, "गोड जिभेला. नाकाला काय?" मग आपण कोपऱ्यात सापडलेल्या पोरासारखे हुंगत बसतो. आणि कुपी उघडल्याबरोबर "वा!" म्हणालात तरी मेलात. "थांबा हो, आत्ता कुठं आलाय! पहिला वास म्हणजे दारात आलेला पाहुणा. तो खरा कळतो जेवायला बसल्यावर." असं म्हणून आपला हात ते आपल्या ताब्यात घेतात आणि पाण्याचं बिल, नातवाचं इंग्लिश मीडियम असले विषय काढून मध्येच विचारतात, "आता बघा. आता उतरला का नाही?" यात तुमची बस चुकली तर तो बसचा दोष.

शेजारच्या वहिनींनी काकांच्या या नाकापायीच स्वयंपाकघराची गल्लीकडची खिडकी बंद करून घेतली होती. काका रोज सकाळी जाता जाता खालूनच निकाल द्यायचे. "वहिनी, आज हिंग उशिरा पडला." एकदा तर म्हणाले, "दूध बघा, लागतंय." वहिनी तणतणत ओट्याकडे वळल्या, तर खरंच लागत होतं. त्याचा राग जास्त आला.

काकांची लेक साताऱ्याला दिलेली. त्यामुळे सांगली-सातारा ही एसटी म्हणजे त्यांचा रियाझाचा रस्ता. एकदा कारखान्यांच्या हंगामात मी त्यांच्याबरोबर होतो. बस सुटल्याबरोबर त्यांनी डोळे मिटले आणि मला बजावलं, "कुठं आलो ते सांगायचं नाही. मी सांगतो." सांगलीतून बाहेर पडताना म्हणाले, "मार्केट यार्डाकडचं वारं आहे. हळद. राजापुरी." पुढे आष्ट्याला ओली माती आणि भाजीची पोती. पेठ नाक्याच्या अलीकडे नाक मुरडून, "मळी. गाळप जोरात दिसतंय." कासेगावच्या पुढं कुठल्याशा गुऱ्हाळाची काहील उतरत होती, तिथं त्यांचा चेहरा असा काही खुलला की पलीकडच्या सीटवरच्या बाईंनी घाबरून पर्स जवळ ओढली. कराडला नदीची थंड हवा. सगळं बरोबर. अर्धी बस आता आमच्याकडे वळून बसली होती. आणि मग एका थांब्यावर काका खाडकन ताठ झाले, मिटल्या डोळ्यांनीच जाहीर केलं, "चिपळूण!"

बस हसून हसून लोळली. कंडक्टर म्हणाला, "काका, उंब्रज हाय. तिकीट साताऱ्याचंच काढलंय न्हवं?" एक आजी नुकत्याच चढल्या होत्या, त्यांच्या पिशवीत सुकट. काकांनी डोळे उघडले, पिशवीकडे पाहिलं आणि जराही न डगमगता म्हणाले, "बरोबरच आहे. इथून पाटणवरनं चिपळूणला रस्ता जातो. माल तिकडचाच." आजी म्हणाल्या, "व्हय, तिकडचाच." तेव्हापासून त्या कंडक्टरच्या लेखी हा माणूस म्हणजे महाराज.

पुढं नागठाणे आलं की काकांचं एक भाषण ठरलेलं असतं. विचारा न विचारा. "हे ते नागठाणे नव्हे. बालगंधर्वांचं नागठाणे आपल्या सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात." आणि मग साताऱ्याच्या स्टँडपर्यंत बालगंधर्व. काकांच्या इतिहासात 1905 सालाला फार मोठं स्थान आहे. त्या वर्षी मिरजेला किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, शकुंतला होऊन उभे राहिले. म्हणजे नाटक सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सुरू केलं, आणि नाटकाला वास मिरजेत आला, अशी काकांची मांडणी. गंधर्व मंडळी 1913 मध्ये निघाली. तिथल्या भरजरी शालूंच्या, खऱ्या दागिन्यांच्या आणि उंची अत्तरांच्या कथा आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. पण काकांनी त्या वडिलांकडून ऐकल्यात, आणि वडिलांनी थेट नाटकगृहात बसून. काकांच्या सांगण्याप्रमाणे तिसरी घंटा झाली की पडद्याच्या आधी अत्तर यायचं. मागच्या बाकावरच्या चार आणेवाल्यालासुद्धा तेवढंच यायचं जेवढं पुढच्या कोचावरच्या सावकाराला. "गाणं मागं बारीक ऐकू येतं, चेहरा मागं बारीक दिसतो. वास मात्र सगळ्यांना सारखा. आहे का अशी दुसरी कला?" कंपनी कर्जात बुडाली हे कुणी काढलं, तर काका म्हणतात, "त्यातलं अत्तराचं कर्ज वेगळं धरा. ती गुंतवणूक."

2011 मध्ये ‘बालगंधर्व’ चित्रपट आला तेव्हा सारी गल्ली बघून आली. सुबोध भावेंनी सगळ्यांना रडवलं. काका बाहेर येऊन रुमाल घडी करत म्हणाले, "सगळं झकास. वास तेवढा राहिला."

त्यांचा भाचा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यानं सांगितलं की मामा, अमेरिकेत हेसुद्धा करून झालंय. 1960 मध्ये ‘सेंट ऑफ मिस्टरी’ नावाचा सिनेमा काढला होता, खुर्च्यांखालून नळ्या आणून प्रसंगागणिक वास सोडायचे. काका खुर्चीतून पुढं सरकले. "मग?" मग काय, वास उशिरा पोचायचा, काहींना पोचायचाच नाही, आणि सोडताना फुस्स आवाज यायचा. ते प्रकरण तिथंच आटोपलं. काकांनी समाधानानं सुस्कारा सोडला. "यंत्राला वास सोडता येतो रे. घेता येत नाही ना. ज्याला घेता येत नाही त्यानं सोडू नये." भाच्यानं मग न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाचं सांगितलं. 2012 मध्ये तिथं सुगंध हीच कलाकृती म्हणून प्रदर्शन भरलं होतं. भिंती पांढऱ्या आणि कोऱ्या, भिंतीत खळगे, खळग्यात तोंड घातलं की वास. काकांना हे फारच लागलं. "तिकीट काढून भिंतीत तोंड घालायचं? आणि एकेकट्यानं?" त्यातलं "एकेकट्यानं" त्यांनी अशा सुरात म्हटलं, की तो गुन्हा कलमासकट नोंदवला गेला.

कारण वास हा जमावाचा असतो, हे काकांचं मुख्य कलम. आणि इथं मला त्यांच्याशी वाद घालता येत नाही. पौषात कराडजवळच्या पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. त्या दिवशी भंडारा उधळायला लागला की माणसं, बैल, देऊळ, तारळी नदीचं वाळवंट, सगळं पिवळं. फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण तिथं उभं राहिल्यावर पहिल्यांदा डोळ्यांनी काही कळत नाही. हळद सरळ नाकातून घशात उतरते. हजारो माणसं एकच श्वास घेतात, आणि त्यातल्या एकाच्याही डोक्यात येत नाही की आपण काही कलाकृती वगैरे करतोय. तसाच चैत्रातला जोतिबाचा दवणा. तशीच वारी लोणंदला येते तेव्हाची बुक्क्याची, तुळशीची आणि भिजून अंगावरच वाळलेल्या धोतरांची हवा. काका या तिन्ही ठिकाणी जातात. दर्शनाच्या रांगेत उभे राहत नाहीत. वाऱ्याच्या बाजूला एखादा दगड बघून बसतात आणि बसूनच त्यांचं दर्शन होतं.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी गल्लीत पेढे काकांनी वाटले, तेही साताऱ्याहून मागवलेले कंदी. (कंदी पेढ्यातला करपण्याच्या अलीकडं थांबवलेला खवा हा त्यांच्या मते सातारकरांचा एकमेव संयम.) मानांकनाच्या कागदावर रंग, प्रत, जमीन वगैरे असेल हो, पण काकांची तक्रार अशी की हरिपूरची पेवं कुणी हुंगून ठेवली नाहीत. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीच्या पोटात खोल पेवं खणून वर्षानुवर्षं हळद साठवायचे. 2005 च्या पुरात त्यातली बरीचशी गेली. लहानपणी काकांनी पेव उघडताना पाहिलं होतं. वरचा दगड सरकला की जो वास यायचा, त्याचं वर्णन करताना काका पहिल्यांदाच अडखळतात. हात वर करतात, खाली आणतात, "म्हणजे असं… खालून…" आणि विषय बदलतात.

आता मांडवाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

आमच्या मंडळाची गणपतीची बैठक. पोरांची मागणी सालाबादप्रमाणे डीजे. काकांची, वासाचा देखावा. ते उठले. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांची यादी त्यांना अर्धीमुर्धी पाठ आहे. "त्यात गंधयुक्ती आहे. डीजे दाखवा." कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "काका, त्यात मोबाइल पण नाही." काका ऐकणारे नव्हते. वराहमिहिरानं बृहत्संहितेत सुगंध मिसळायचं गणित दिलंय, सोळा द्रव्यांतली चार-चार निवडायची, होतात एक हजार आठशे वीस प्रकार. गणिताच्या क्लासला जाणाऱ्या एका पोरानं मोबाइलवर तपासलं आणि ओरडला, "आयला, बरोबर हाय!" त्या एका ‘आयला’वर ठराव मंजूर झाला. (पुढं पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ नावाची, मराठी टीका असलेली जुनी पोथी उजेडात आणली, हेही काका सांगणार होते. म्हणजे मराठी माणूस फार पूर्वीपासून अत्तराच्या कृती मराठीत लिहीत होता. पण तोवर चहा आला.)

देखावा ठरला ‘पहिला पाऊस’. मूर्ती साधी. मागं हरिपूरच्या रस्त्याचं चित्र, दोन्ही बाजूंना वाळ्याचे ओले पडदे, वर मंद दिवे आणि मुख्य म्हणजे मिट्टी अत्तर. हे अत्तर कनौजला करतात. भाजलेली माती भांड्यात घालून तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. पहिल्या पावसाच्या वासावर दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. त्याच्या कितीतरी आधीपासून कनौजवाले तो वास बाटलीत भरून विकत होते. आमच्याकडं तो आला मिरजेच्या दर्ग्याजवळच्या एका अत्तरवाल्या चाचांकडून. काकांचं आणि चाचांचं नातं चाळीसेक वर्षांचं, आणि एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांशी भावावरून घासाघीस सोडून दुसरं काही बोलल्याचं कुणी ऐकलेलं नाही. या वेळी मात्र चाचांनी कुपी काढली, आपल्या बोटावर घेतली, काकांच्या बोटावर दिली, दोघांनी एकाच वेळी डोळे मिटले. "गणपतीला पायजे? मग भाव कशाला करतोस?" म्हणाले, आणि नेहमीचाच भाव लावला.

पहिल्या संध्याकाळी पंखे सुरू झाले. काका मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभे. माणसं आली, गणपती बघितला, प्रसाद घेतला, गेली. कुणी हुंगलं नाही, कुणी थबकलं नाही. काकांचा चेहरा उतरत चालला. तेवढ्यात पलीकडच्या चौकातून एक पोरगा पळत आला. "काका, त्यांच्याकडं पाऊस पडलाय!" पोरांनी पंखे उलटे बसवले होते. सगळा पहिला पाऊस मांडवाच्या मागच्या फटीतून निघून पलीकडच्या मंडळाच्या तुरुंगफोडीच्या देखाव्यात जात होता. वसंतदादा पाटील 1943 मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून निसटतात, आणि नेमक्या त्याच क्षणी मातीचा वास दरवळतो. लोक म्हणत होते, काय बारकाव्यानं केलंय! तिथली रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. पोरं पंखे फिरवायला धावली, तर काकांनी त्यांना थांबवलं. "असू दे रे आजच्या दिवस. चांगलं चाललंय त्यांचं."

दुसऱ्या दिवशी पंखे नीट लागले. वाळवा भागातला असावा असा एक म्हातारा, खांद्यावर घोंगडं, मूर्तीला हात जोडून परत फिरता फिरता थांबला. बराच वेळ तसाच उभा. मागच्यांनी ढकललं तेव्हा म्हणाला, "पेरणीचा वास हाय ह्यो." काकांनी हे वाक्य त्या मोसमात किती जणांना सांगितलं याला गणती नाही. शेवटी बक्षीससुद्धा मिळालं. परीक्षकांच्या कागदावर वासाचा रकाना नव्हता, म्हणून ‘उत्कृष्ट विद्युत रोषणाई’ दिलं. परीक्षक आले त्या संध्याकाळी आमच्याकडं वीज गेलेली होती.

काका हट्टी आहेत, पण आडदांड नाहीत. दोन्हींतला फरक मला त्यांच्यामुळंच कळला. वाचनालयात ते रोज सकाळी धूप घालायचे. एका निवृत्त शिक्षिकाबाईंना दमा. त्या बिचाऱ्या पेपर दारात उभ्या राहून वाचायच्या. कुणीतरी हे काकांच्या कानावर घातलं. आम्हाला वाटलं, आता व्याख्यान. काका गेले, बाईंसमोर उभे राहिले, म्हणाले, "बाई, आपण आधी बोलायला पाहिजे होतं. चित्र आवडलं नाही तर माणूस मान फिरवतो, वासापासून कुठं जाणार?" दुसऱ्या दिवसापासून धुराचं काहीही नाही. खिडकीत पाण्याच्या ताटलीत चार सोनचाफे. तेही आधी बाईंच्या टेबलावर ठेवून, "चालेल ना?" विचारून. हा "चालेल ना?" तेव्हापासून त्यांच्या तोंडात बसला. आता फाया पुढे करण्याआधी विचारतात, उदबत्ती लावण्याआधी विचारतात. नाही म्हणालात तर रागावत नाहीत. फक्त तुमच्याकडं किंचित करुणेनं बघतात, तेवढं सोसावं लागतं.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेनं आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फूट ओलांडले. धोक्याची पातळी पंचेचाळीसची. पाणी उतरल्यावर जे शहर वर आलं, त्याला सांगली म्हणायला नाक तयार होईना. गणपती पेठेतली धान्याची पोती, किराणा, कापडाच्या दुकानांतले तागे, गाद्या, पुस्तकं, सगळं कुजत होतं. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही. कुणीतरी काकांना म्हणालं, काका, काढा आता तुमच्या कुप्या. काका एकदम उखडले. त्यांना तेवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "चिखलावर अत्तर? माणसांचं सगळं गेलंय, आणि त्यावर अत्तर शिंपडू?" त्यांनी सदरा कमरेला खोचला आणि फावडं घेतलं. चिखल उपसला गेला, पालिकेची ब्लीचिंग पावडर पडली, घरं धुऊन निघाली. त्यानंतर एका संध्याकाळी त्यांनी घमेल्यात निखारे घेतले, वर गुग्गुळ टाकला आणि दारोदार फिरले. प्रत्येक उंबऱ्यापाशी थांबून, "चालेल ना?" त्या दिवशी नाही कुणीच म्हणालं नाही. शिक्षिकाबाईंच्या दारावरून मात्र घमेलं पदराआड धरल्यासारखं अंगाआड घेऊन पुढं गेले.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात पुन्हा भडंग भाजलं गेलं. लसूण, शेंगदाणा, तेल. काका रस्त्यात उभे राहिले आणि म्हणाले, "आली सांगली."

मग कोरोना. सगळ्या गल्लीला झाला तसा काकांनाही झाला, सौम्य. ताप उतरला, पण वास गेला. ही बातमी गल्लीत जितक्या हळू आवाजात पसरली, तितक्या हळू आवाजात आमच्याकडं मयतीची बातमीही पसरत नाही. काकूंनी हिंगाची डबी नाकाशी धरली की काका म्हणायचे, "येतोय येतोय." काकूंनी एकदा रिकामी डबी धरली. तरी म्हणाले, "येतोय." काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे विचारायची माझी छाती झाली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, रोज दोन वेळा गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हुंगा, नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. काका आम्हाला म्हणाले, "मला सांगतात हुंगा!" पण हुंगलं. सकाळ-संध्याकाळ, गॅलरीत बसून, चार डब्या समोर मांडून, पहिलीतल्या पोरानं बाराखडी गिरवावी तसं. मध्ये काही दिवस चहाला जळक्या रबराचा वास यायचा. काकूंनी त्याचा फायदा घेऊन साखर कमी केली.

वास परत आला हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. एका सकाळी खालून हाक आली, "वहिनी, हिंग!" आणि वहिनींनी इतक्या वर्षांनी ती गल्लीकडची खिडकी धाडकन उघडली, डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "काका, घातलाय हो वेळेवर!" घातला नव्हता, हे मला त्यांच्या घरातल्यांनी नंतर सांगितलं.

हल्ली काकांचा नवा उद्योग साताऱ्यात सुरू आहे. लेकीच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी लिंबाच्या वासाचं फ्रेशनर लावतं. काकांच्या मते त्या वासाचा लिंबाशी संबंध लग्नपत्रिकेतल्या ‘आपले नम्र’ इतकाच. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी दोन अर्ज दिलेत, पाटबंधारे खात्याच्या पद्धतीनं, संदर्भ आणि विषय घालून. पर्याय म्हणून वाळ्याची जुडी सुचवलीय, खर्चाच्या तपशिलासह. सेक्रेटरींनी अजून उत्तर दिलेलं नाही, पण जिन्यानं येतात-जातात.

यंदाच्या गणपतीचा देखावाही काकांनी ठरवलाय. विषय सांगत नाहीत. चाचांकडं खेपा वाढल्यात आणि पंख्यांवर या वेळी खडूनं बाण काढून ठेवलेत. तुम्ही सांगलीला आलात तर जरूर या. दमा असेल तर आधी कळवा, काका तेवढा वेळ सगळं बंद ठेवतील. एकच विनंती, येताना अंगावर बॉडी स्प्रे मारून येऊ नका. मागच्या वर्षी आमदारांच्या कार्यकर्त्यांनासुद्धा काकांनी आधी पलीकडच्या मंडळाचं दर्शन घेऊन यायला सांगितलं होतं.